वहीतले खाडे

माझ्या कपाटात सहा-सात वह्या अशा आहेत, ज्यांची पहिली वीस-पंचवीस पानं गच्च भरलेली आणि पुढची सगळी कोरी. पहिल्या पानावर त्या त्या वर्षाचे बेत: चोवीस पुस्तकं वाचायची, बारा कथा पूर्ण करायच्या, रोज अर्धा तास रेखाटन. पुढे तारखा, तारखांसमोर बरोबरच्या खुणा. मग एका तारखेनंतर काहीच नाही. नोंदी ठेवायचा कंटाळा आला म्हणून वही बंद पडली, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. एकदा सगळ्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा ती खोटी ठरली. प्रत्येक वहीत शेवटी शेवटी चार-पाच दिवसांचा खाडा होता, मग एक केविलवाणी खूण, पुन्हा खाडा, आणि मग सामसूम. काम जोरात चालू असताना खूण करायचा कंटाळा मला एकदाही आला नव्हता. काम थांबलं होतं, ते दिसायला नको होतं, म्हणून वही मिटली होती.

मानसशास्त्रज्ञांनी याला शहामृगाचं नाव दिलं आहे. ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठातले थॉमस वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या प्रवृत्तीची मांडणी केली. वजन कमी करायचं ठरवलेला माणूस वजनकाट्याला वळसा घालून जातो, पैसे साठवायचं ठरवलेला माणूस खात्यातली शिल्लक बघत नाही. माहिती हाताशी असते, फुकट असते, उपयोगाची असते आणि नेमकी तीच आपण टाळतो. (खरं शहामृग वाळूत डोकं खुपसत नाही. बिचाऱ्याचं नाव उगाच खराब झालं आहे.)

न बघण्याने एवढं काय बिघडतं? चार्ल्स कार्व्हर आणि मायकेल शायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये माणसाच्या ध्येयाकडे जाण्याची तुलना खोलीचं तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटशी केली. थर्मोस्टॅट आत्ताचं तापमान मोजतो, ते ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि फरक पडला की यंत्र चालू करतो. मोजणारा भाग काढून टाकला तर ठरवलेला आकडा तसाच राहतो, यंत्रही ठणठणीत असतं, पण ते कधी चालू व्हायचं हे त्याला कळतच नाही. बारा कथांचा बेत करून वही मिटून ठेवणाऱ्याचं हेच होतं. इच्छा असते, हातही धड असतात, पण मागे पडल्याची बातमी पोचत नाही.

याच जोडीने १९९० मध्ये आणखी एक मुद्दा मांडला, तो मला जास्त पटतो. आपल्याला बरं किंवा वाईट वाटतं ते मुक्काम किती लांब आहे यावरून फारसं नाही, तर त्याच्याकडे किती वेगाने सरकतो आहोत यावरून. आठ कथा लिहून दोन महिने ठप्प असलेला लेखक खट्टू असतो आणि कालच दुसरी कथा संपवलेला खुशीत. आकड्यांत पहिला कितीतरी पुढे आहे, पण त्याचा वेग शून्य आहे.

आता पुरावा. २०१६ मध्ये शेफील्डच्याच गटाने, बेंजामिन हार्किन यांच्या नेतृत्वाखाली, १३८ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. त्यांत मिळून १९,९५१ माणसं होती. प्रगतीवर लक्ष ठेवायला लावलेल्या लोकांनी आपली उद्दिष्टं इतरांपेक्षा जास्त प्रमाणात गाठली. दोन गोष्टींनी फायदा वाढत होता: प्रगती मनात न ठेवता कुठेतरी लिहून ठेवली तर, आणि ती दुसऱ्या कुणाला कळवली तर. त्यातले बहुतेक अभ्यास वजन, व्यायाम, रक्तदाब अशा आरोग्याच्या बाबींचे होते. कथा आणि चित्रं यांच्याबद्दल त्यावरून बोलायचं तर जरा जपूनच बोलावं लागतं.

लिहून ठेवण्याचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीतल्या फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं लिहून ठेवली होती आणि वीस वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीपेक्षा जास्त निघाली, अशी ती गोष्ट. असा अभ्यास झालेलाच नाही. शोध घेणाऱ्यांना त्याचा मागमूसही सापडला नाही. तरी भाषणांतून तो आजही ऐटीत फिरतो. खरे अभ्यास हाताशी असताना या दंतकथेची गरज का पडावी, हे मला कळत नाही. बहुधा खऱ्या अभ्यासात कोणी श्रीमंत होत नाही म्हणून.

वर्ष हे माप मात्र फसवं आहे. सुरुवातीला ते आपल्या बाजूने असतं. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवलं की आठवडा, महिना, वर्ष किंवा सत्र नव्याने सुरू झालं की विद्यापीठातल्या व्यायामशाळेत गर्दी वाढते. वाढदिवसानंतरही वाढते, फक्त एकविसाव्या वाढदिवसानंतर नाही. अमेरिकेत दारू पिण्याची कायदेशीर परवानगी त्याच वयात मिळते. तारीख बदलली की मागचा चुकार माणूस कोणी दुसराच होता असं वाटतं आणि आरंभशूरांना चेव येतो. शेवटही आपल्या बाजूने असतो. क्लार्क हल यांनी १९३० च्या दशकात पाहिलं की खाद्याच्या जवळ येताना उंदीर जास्त वेगाने पळतात, आणि माणसाचं याहून फार वेगळं नाही.

अडचण मधल्या महिन्यांची आहे. सुरुवातीला आपण किती झालं ते पाहतो आणि प्रत्येक पाऊल मोठं दिसतं. शेवटी किती राहिलं ते पाहतो, तेव्हाही प्रत्येक पाऊल मोठं दिसतं. मध्यावर दोन्हीकडचं अंतर सारखंच लांब असतं आणि एका कथेची भर कुठूनही पाहिली तरी किरकोळ वाटते. आंद्रेया बोनेत्सी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हा मधला खड्डा प्रयोगांतून दाखवला. खड्डा बुजवता येत नाही, पण अरुंद करता येतो. वर्षाऐवजी महिना किंवा पंधरवडा हे माप धरलं की मधला टप्पा चार-सहा दिवसांत ओलांडला जातो.

वर्षाची दुसरी गोम म्हणजे त्यात सगळं मावेल असं वाटतं. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ३७ विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ दिवस. सगळं बिनसेल असं धरून केलेला अंदाजसुद्धा कमीच पडला. म्हणून मार्चअखेर वहीत तीन कथांच्या जागी एक दिसली, तर दोष आळसाचाच असेल असं नाही. डिसेंबरच्या उत्साहात मांडलेलं गणितही चुकलेलं असू शकतं. वहीत बघितलं तरच ते दुरुस्त करता येतं.

बघण्यातही एक चकवा आहे. आयेलेट फिशबाख आणि रवी धर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वजन कमी करू पाहणाऱ्यांना एका पट्टीवर आपलं सध्याचं वजन आदर्श वजनापासून किती दूर आहे ते दाखवायला सांगितलं. काहींच्या पट्टीचं टोक २५ पौंडांवर होतं, काहींचं ५ पौंडांवरच. लांब पट्टीवर तेच अंतर इवलंसं दिसतं आणि आपण जवळपास पोचलो असं वाटतं. नंतर भेट म्हणून सफरचंद किंवा चॉकलेट निवडायला दिलं. बरीच मजल मारली असं वाटलेल्या गटातल्या ८५ टक्के लोकांनी चॉकलेट उचललं, दुसऱ्या गटात ५८ टक्क्यांनी. प्रगती दिसली की मन स्वतःलाच सुट्टी मंजूर करतं. खुणांनी भरलेलं पान पाहून मी चार दिवस आराम केला आहे, आणि माझे खाडे तिथूनच सुरू झाले आहेत.

आता कलेकडे येऊ, कारण इथे मोजणं सगळ्यात अवघड आहे. जॉर्डन एटकिन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना चित्रं रंगवायला, चालायला, वाचायला दिलं आणि काहींना किती झालं त्याचा आकडा दाखवत राहिल्या. आकडा दिसणाऱ्यांनी जास्त काम केलं, पण त्यांना त्यात कमी मजा आली. मोजणी थांबल्यावर ते काम पुढे चालू ठेवायची इच्छाही कमी झाली. मौजेची गोष्ट मोजायला लागलं की ती नोकरीसारखी वाटू लागते. शिवाय जे मोजावं तेच वाढतं. चोवीस पुस्तकांचा नेम केला त्या वर्षी मी निवडलेली पुस्तकं आता पाहिली तर सगळी बारकी निघतात. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे म्हटलं, ते त्यांच्या नावाचा नियम म्हणून पुढे सगळीकडे पसरलं. त्याचा रूढ अर्थ असा: माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही.

मग काही मोजूच नये का? अँथनी ट्रोलप हा १९ व्या शतकातला इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा आणि कामावर जाण्यापूर्वी पहाटे लिहायचा. समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द. त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येक पुस्तकासाठी तो एक रोजनिशी आखायचा आणि रोज किती पानं झाली ते तिच्यात मांडायचा. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्र आलं आणि प्रतिभेचा असा कारकुनी हिशोब वाचून कित्येक रसिकांनी नाकं मुरडली. मला मात्र त्यातली एक बाब महत्त्वाची वाटते. एखादा दिवस आळसात गेला तर त्याची नोंद त्या रोजनिशीत डोळ्यांसमोर उभी राहायची, आणि म्हणूनच ती उपयोगी पडायची, असं तो सांगतो. त्याने खाडे झाकले नाहीत.

ठरलेल्या वेळी बसलं तर प्रतिभा आटते, या भीतीवर रॉबर्ट बॉइस यांचा १९८३ चा प्रयोग आहे. लिखाण अडलेल्या २७ प्राध्यापकांचे त्यांनी तीन गट केले. एकाला लिहायचंच नाही असं सांगितलं, दुसऱ्याला लहर आली तर लिहा म्हटलं, तिसऱ्याला ठरलेल्या वेळी लिहिलंच पाहिजे अशी सक्ती केली. पानं तिसऱ्या गटाची जास्त झाली, यात नवल नाही. पण नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. २७ ही संख्या लहान आहे, तेव्हा यावर फार मोठा इमला बांधू नये. मी स्वतः इतकंच उचललं: कथा किती झाल्या हे लिहिणं सोडलं आणि किती वेळ टेबलाशी बसलो ते लिहू लागलो. कथा होणं माझ्या हातात नसतं, बसणं असतं. बसून एक ओळ खोडली, तरी त्या दिवशी नोंद होते.

राहिला खाड्याचा प्रश्न. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लंडनमध्ये ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग घेतला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ निघाला, पण माणसागणिक हा आकडा १८ ते २५४ इतका पसरलेला होता. एकवीस दिवसांत सवय लागते, हे त्यामुळे सोडून द्यावं. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात मोठा फरक पडला नाही. जॉन नॉरक्रॉस यांनी १९८० च्या दशकात नववर्षाचे संकल्प करणाऱ्या २०० जणांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. आठवडाभर टिकले ७७ टक्के, दोन वर्षांनी उरले १९ टक्के. त्या १९ टक्क्यांमधलेही निम्म्याहून अधिक लोक मध्ये घसरले होते, आणि दोन वर्षांत सरासरी १४ वेळा. तेही पडलेच, फक्त पडल्यावर त्यांनी वही मिटली नाही.

सर्वांत विचित्र वही अठराव्या शतकातला अमेरिकी मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याची होती. त्याने तेरा सद्गुण निवडले आणि प्रत्येकाला एक आठवडा दिला. तेरा आठवड्यांचा एक फेरा, वर्षात चार फेरे. प्रत्येक पानावर वारांचे उभे रकाने आणि सद्गुणांच्या आडव्या ओळी. चूक झाली की त्या चौकोनात काळा ठिपका. जमलं त्याला काहीच खूण नाही. म्हणजे त्या वहीत फक्त खाडेच होते. नवा फेरा सुरू करताना तो जुने ठिपके खरवडून काढायचा. खरवडून खरवडून पानांना भोकं पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही केली, तिच्यावर लाल शाईने रेघा मारल्या आणि पेन्सिलचे ठिपके ओल्या स्पंजाने पुसू लागला. नीटनेटकेपणा त्याला शेवटपर्यंत जमला नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे वर्षाला एकच फेरा होऊ लागला, मग काही वर्षांतून एक, आणि प्रवास आणि परदेशातली कामं वाढली तसा तोही थांबला. वही मात्र तो कायम बरोबर बाळगायचा.