दीड गुंज सोनं आणि अकीकाचा खडा

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत सोनेरी चौकटीची एखादी तसबीर असतेच. चौकट काळवंडली की घरातले म्हणतात, सोनं काळं पडलं. शुद्ध सोनं काळं पडत नाही. हवा आणि ओलावा त्याचं काही बिघडवू शकत नाहीत. काळी दिसते ती धूळ आणि उदबत्तीची काजळी. नाहीतर चौकटीवर चिकटवलेला वर्ख, म्हणजे धातूचा अगदी पातळ पापुद्रा, मुळात पितळेचा असतो, आणि पितळेतलं तांबं हवेनं काळवंडतं.

खऱ्या वर्खाची जाडी साधारण ०.१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे सोन्याच्या अणूंचे चारशेच्या आसपास थर. दोन फूट बाय दीड फूट चौकटीची दीड इंची पट्टी मढवायला दीड गुंज सोनं पुरतं (गुंज हे सोनारांचं जुनं वजन, साधारण ०.१२ ग्रॅम). इतक्या पातळ वर्खाला स्वतःचा आकार नसतो, खाली जे असेल त्याचाच तो घेतो. त्यामुळे चौकटीची झळाळी ठरते ती वर्खाखालच्या थरांवर, आणि या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे.

लाकडावर आधी सरस आणि खडूच्या भुकटीचे पांढरे लेप चढवतात आणि घासून गुळगुळीत करतात. त्यावर सरसात कालवलेल्या तांबड्या चिकणमातीचे पातळ हात देतात. मातीवर पाणी फिरवून वर्ख सोडला की भिजलेला सरस त्याला धरून ठेवतो. या वेळी सोनं अगदी निस्तेज दिसतं. मग माती किंचित ओलसर असतानाच ते अकीक या कठीण दगडाच्या गुळगुळीत खड्यानं घोटायचं. (अकीकाचं काम खंभातमध्ये शतकानुशतकं चालत आलं आहे.) चिकणमातीचे कण चपटे, पापुद्र्यांसारखे असतात आणि लेपात ते आडवेतिडवे पडलेले असतात. खड्याच्या दाबाखाली ते एकमेकांवरून घसरून सपाट पडतात, मधल्या फटी बुजतात. वरचं मऊ सोनंही त्यांच्याबरोबर दबून सपाट होतं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. उंचवटे त्याहून बरेच लहान झाले की प्रकाश विखुरत नाही, आरशावरून परतावा तसा परततो.

हा आरसा पिवळा का? सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगानं फिरतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार त्यांचं वस्तुमान वाढतं आणि कक्षा आकसतात. सर्वांत बाहेरची कक्षा, तिला ६एस म्हणतात, तीही आकसून खाली येते. त्यामुळे तिच्या आतली ५डी ही पातळी आणि ६एस यांच्यातलं ऊर्जेचं अंतर इतकं कमी होतं की निळ्या प्रकाशाची ऊर्जा ते ओलांडायला पुरते. निळा प्रकाश शोषला जातो, उरलेला पिवळा दिसतो. चांदीत हेच शोषण अतिनील भागात होतं, म्हणून ती पांढरी.

वडोदऱ्याजवळच्या संखेड्याचे खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, निळ्याची ही वजाबाकी सोन्याशिवाय करतात. सागवानावर कथिलाची रुपेरी नक्षी काढायची, अकीकानं घोटायची आणि वर लाख चढवायची. पिवळसर लाख निळा प्रकाश गाळते, कथिल उरलेला परत पाठवतं, आणि नक्षी सोनेरी दिसते. सोनेरी चौकटीतून घरात ‘सकारात्मक ऊर्जा’ येते असं सांगून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. चौकट फक्त तिच्यावर पडलेला प्रकाश परतवते, तोही निळा वजा करून.

घोटलेल्या सोन्याला ओलं फडकं लावू नये. खालचा सरस पाण्यानं सुटतो आणि वर्ख हाती येतो. मऊ, कोरडा ब्रश पुरे.

चौकटीच्या कडा मात्र बहुधा न मढवता स्टेन (लाकूड रंगवायचं पातळ द्रावण) आणि मेणावर ठेवतात. लाकडाचं आडवं कापलेलं टोक जिथे उघडं राहतं तिथे त्याच्या नळ्या स्टेन अधिक पितात, म्हणून तिथे आधी चपडीचा (शुद्ध केलेल्या लाखेचा) पातळ हात द्यावा. मेणानं लाकडाचं ‘पोषण’ होतं हा समज चुकीचा आहे. तोडलेल्या लाकडात पोसण्यासारखं जिवंत काही उरलेलं नसतं. मेण फक्त पृष्ठभाग झाकतं आणि ओलाव्याची ये-जा मंदावतं. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण इथल्या मे महिन्यात त्याआधीच मऊ पडून धूळ धरतं. त्यात ८० अंशांपुढे वितळणारं कार्नोबा हे ताडवर्गीय झाडाच्या पानांचं मेण थोडं मिसळलं की थर कडक राहतो.