एसयूव्हीचा रिकॉल आणि दोषाची तक्रार: अर्ज नेमका कुठे अडतो आणि कुठली कागदं लागतात

ओळखीतल्या बऱ्याच जणांचे गाडीच्या तक्रारीचे अर्ज मी शेजारी बसून भरून दिलेत. त्यातले जे परत आले ते गाडी चांगली होती म्हणून परत आले नाहीत, ते आले चुकीच्या ठिकाणी अर्ज केला म्हणून, तारीख चुकीची वाचली म्हणून, आणि सगळ्यात जास्त वेळा एक साधा कागद हातात नव्हता म्हणून. मिडसाइज एसयूव्ही घेताना माणूस आयुष्यातली मोठी रक्कम घालतो, घरची सगळी त्यात बसतात, आणि ब्रेकचा प्रश्न घेऊन गेलं की काउंटरवरून उत्तर येतं "सर सगळ्या गाड्यांना असंच असतं". हे ऐकून घरी येऊ नका. पण भांडायलाही कागद लागतो, म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी एक गोंधळ मिटवू. कंपनीने रिकॉल जाहीर केला असेल तर तुम्हाला कुठे अर्जबिर्ज करायचा नसतो, गाडी त्यात आहे का बघायचं आणि अपॉइंटमेंट घ्यायची. रिकॉल नाहीये पण गाडीत धोकादायक दोष आहे, तर सरकारच्या वाहन पोर्टलवर रिकॉलसाठी तक्रार नोंदवायची. आणि तुम्हाला पैसे परत हवेत, नुकसानभरपाई हवी, तर ग्राहक आयोग. लोक पोर्टलवर तक्रार टाकतात आणि भरपाईची वाट बघत बसतात, तिथून ती येत नाही, आणि तोवर आयोगाची मुदत संपून जाते.

आता रिकॉल तपासणं. कंपनीच्या साइटवर चॅसिस नंबर टाकायचा की कळतं, वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेच्या साइटवरही रिकॉलची यादी असते. नंबर १७ अंक-अक्षरांचा असतो, आरसीवर असतो. इथे पहिली अडचण. त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतातच, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून ती वापरतच नाहीत. आरसीचं कार्ड घासलेलं असतं, माणूस शून्याच्या जागी ओ टाइप करतो, स्क्रीनवर येतं माहिती उपलब्ध नाही, आणि तो समजतो की आपली गाडी रिकॉलमध्ये नाही. मी हे डोळ्यांनी बघितलंय, त्याच नंबरात एक ओ काढून शून्य टाकलं आणि गाडी यादीत निघाली. तेव्हा नंबर आरसीवरून आणि गाडीवरच्या प्लेटवरून असा दोन्हीकडून जुळवून घ्या.

दुसरी अडचण तारखेची, आणि ही जवळजवळ सगळे चुकतात. रिकॉलमधल्या तारखा गाडी बनल्याच्या असतात, तुम्ही घेतल्याच्या नाहीत. उदाहरण घ्या, फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने क्रेटा आणि व्हर्नाच्या ७,६९८ गाड्यांसाठी रिकॉल काढला, आयव्हीटी (ऑटोमॅटिकचा एक प्रकार) गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक ऑइल पंपाच्या कंट्रोलरसाठी, आणि गाड्या होत्या १३ फेब्रुवारी ते ६ जून २०२३ या काळात बनलेल्या. आता ज्याची गाडी मे महिन्यात बनली, यार्डात उभी राहिली आणि ऑगस्टमध्ये घरी आली, तो बातमी वाचून म्हणतो माझी ऑगस्टची आहे, मला लागू नाही. लागू असू शकते की! आरसीवर बनल्याचा महिना आणि वर्ष वेगळं छापलेलं असतं, ते बघा. पण तिथे दिवस नसतो, त्यामुळे जून २०२३ लिहिलं असेल तर चार जूनची का वीस जूनची ते आरसीवरून कळणारच नाही, चॅसिस नंबर टाकूनच कळणार. मारुतीने डिसेंबर २०२२ मध्ये ९,१२५ गाड्या सीटबेल्टच्या उंची ॲडजस्टरच्या पार्टसाठी बोलावल्या, ब्रेझा आणि ग्रँड विटारा दोन्ही त्यात होत्या, आणि त्या बनल्याच्या तारखा होत्या फक्त २ ते २८ नोव्हेंबर. सव्वीस-सत्तावीस दिवसांचा खेळ असतो हा, अंदाजाने ठरवू नका.

सेकंडहँड गाडी असेल तर जरा जास्तच लक्ष द्या. कंपनीकडे फोन नंबर पहिल्या मालकाचा असतो, मेसेज त्याला जातो, तो म्हणतो गाडी तर विकली आणि डिलीट करतो. मेसेज आला नाही म्हणजे रिकॉल नाही असं अजिबात नाही. ट्रान्सफर बाकी असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून आधी आरसी नावावर करून घ्या, कारण पुढे पोर्टल असो नाहीतर आयोग, पहिला प्रश्न येणार मालक कोण. आणि कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून चॅसिस नंबरला तुमचा मोबाइल जोडून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

गाडी रिकॉलमध्ये निघाली तर तपासणी आणि पार्ट बदलणं फुकट असतं. वॉरंटी संपली, सर्व्हिस बाहेर केली, गाडी तिसऱ्या हातातली आहे, यातलं काहीही कारण चालत नाही. फक्त एक लक्षात घ्या की बोलावलेल्या प्रत्येक गाडीत पार्ट बदलतातच असं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ७०० च्या १,०८,३०६ गाड्या बोलावल्या त्या इंजिन बेमधल्या वायरिंग लूमची (वायरींच्या जुडग्याची) तपासणी करायला, वायर घासून कापली जाण्याचा धोका होता म्हणून. अशा वेळी "बघितलं, ओके आहे" हे उत्तर खरंही असू शकतं, पण ते तोंडी घेऊ नका, रिकॉल तपासणी झाली असं जॉब कार्डवर (गाडी सर्व्हिसला देताना बनतो तो कागद) लिहून घ्या. आणि रिकॉलच्या सूचनेत गाडी चालवू नका असं लिहिलं असेल तर खरंच चालवू नका. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या होत्या तेव्हा मारुतीने पार्ट बदलेपर्यंत गाडी वापरू नका असं स्पष्ट सांगितलेलं, तरी लोक रविवारी सवडीने बघू म्हणून फिरत होते.

आता रिकॉल नाहीये पण दोष आहे, ते बघू. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यात सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायचा आदेश देऊ शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे (हा दंड सरकारजमा होतो, तुम्हाला मिळत नाही). गाडीचं वय सात वर्षांपेक्षा कमी पाहिजे. दोष असा पाहिजे की त्याने रस्त्यावरच्या सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका आहे, आणि यात सॉफ्टवेअरमधला दोषही धरतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मायलेज कमी देते, डॅशबोर्ड खडखडतो, एसी गार करत नाही, या तक्रारी खऱ्या असतील पण इथे टिकणार नाहीत. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, सीटबेल्ट, चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं, डिझेल-पेट्रोलची गळती, आग, हे टिकणार.

आणि एकट्याच्या तक्रारीने आदेश निघत नाही. वर्षाला ५०० पर्यंत विकल्या जाणाऱ्या कार-एसयूव्हीला २० टक्के किंवा १०० तक्रारी लागतात, जास्त खपणाऱ्या मॉडेलला हा आकडा हजाराच्या वर जातो. मला हे पटत नाही, ब्रेक लागत नसेल तर त्यासाठी हजार माणसांनी वाट का बघायची? पण नियम असा आहे, आणि म्हणूनच ज्यांना तोच त्रास आहे त्या प्रत्येकाने तक्रार नोंदवणं गरजेचं आहे. ग्रुपवर "माझीपण सेम" लिहिलेलं कुणी मोजत नाही, पोर्टलवरचं मोजतात.

आता तो कागद जो कुणाकडेच नसतो, जॉब कार्ड. गाडी सर्व्हिसला देताना एक छापील कागद देतात आणि गाडी परत देताना तो काढून घेतात, आपल्या हातात राहतं फक्त बिल. बिलावर काय असतं, ऑइल, फिल्टर, लेबर. तुम्ही चार वेळा सांगितलं की ब्रेक पेडल दगडासारखं कडक होतं, बिलावर त्याचा एक शब्द नाही. शेजारच्या एका काकांचं असंच झालं. तीन वेळा गाडी दाखवली, आम्ही कसेबसे जुने जॉब कार्ड मिळवले, तर तिन्हीवर सर्व्हिस ॲडव्हायझरने एकच लिहिलेलं: जनरल चेकअप. काकांना त्या दिवशी खूप वाईट वाटलं, वर्षभर ते ज्या गोष्टीला घाबरत होते ती कागदावर घडलीच नव्हती.

त्यामुळे पुढच्या वेळी गाडी देताना ॲडव्हायझर टाइप करत असेल तेव्हा स्क्रीनकडे बघा. तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा, "४० च्या स्पीडला, उतारावर, ब्रेक पेडल कडक होतं, दोनदा झालं" असं. नुसतं "ब्रेक प्रॉब्लेम" नको. सही करायच्या आधी फोटो काढा, परत घेताना पुन्हा काढा. दोष सापडला नाही असं लिहिलं तरी तो कागद घ्या, तोच उपयोगी पडतो, कारण तुम्ही सांगितलं होतं आणि कोणत्या तारखेला सांगितलं होतं ते त्यावर येतं. जुने जॉब कार्ड नसतील तर डीलरला ईमेल करून सर्व्हिस हिस्टरी मागा, फोनवर मागू नका, फोनवर "देतो" म्हणतात आणि विसरतात. डॅशबोर्डवर लाइट लागली तर किलोमीटर दिसतील असा व्हिडिओ काढा. बाहेरून हॉर्न, कॅमेरा, लाइट बसवून वायर कापली असेल तर हे आधीच समजून घ्या की कंपनी बोट तिकडेच दाखवणार, तेव्हा त्या जागेचे फोटोही ठेवा.

बाकीची कागदं सगळ्यांकडे असतात: आरसी, खरेदीचं बिल, इन्शुरन्स, ओळखपत्र.

शेवटी ग्राहक आयोग. इथे घात करते ती मुदत. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात आणि लोक ही वॉरंटी संपल्यापासून मोजतात. कंपनीशी मेलामेली चालू आहे म्हणजे घड्याळ थांबलंय असंही नाही, ते चालूच असतं. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो पण त्याच्या भरवशावर बसू नका. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा, बरीच प्रकरणं तिथेच हलतात. नाही हललं तर, गाडीला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, डीलरच्या गावाला जायची गरज नाही. फी १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १,००० रुपये, म्हणजे पैशामुळे थांबायचं कारण नाही. तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहतात. गाडी फर्मच्या नावावर घेतली असेल तर ती व्यापारी कारणासाठी घेतली असं म्हणून तक्रार उडवायचा प्रयत्न होतो, तेव्हा दाखल करायच्या आधीच वकिलाला बिल दाखवा. आणि दोष उघड्या डोळ्यांनी दिसणारा नसेल तर गाडीची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी अशी विनंती अर्जातच करा. काकांनी ती केली नव्हती, नंतर वेगळा अर्ज द्यावा लागला आणि दोन तारखा त्यातच गेल्या.