वाफेने बंद होणारी बरणी आणि ती घरोघर पोहोचवणारे फान आइक

जर्मनीच्या रूर खोऱ्यातील गेल्सेनकिर्शेन या कोळशाच्या शहरात रुडोल्फ रेम्पेल नावाचे एक रसायनतज्ज्ञ 1890 च्या सुमारास सुटीच्या दिवशी घरीच अन्न टिकवण्याचे प्रयोग करत असत. प्रयोगशाळेत रासायनिक भुकट्या ठेवण्यासाठी असणाऱ्या काचेच्या बरण्या ते घेत, त्यांच्या कडा घासून सपाट करत, कडेवर रबराची रिंग आणि तिच्यावर पत्र्याचे झाकण ठेवत, आणि झाकणावर वजन ठेवून ती बरणी पाण्यात उकळत. 1892 मध्ये त्यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी, वयाची पस्तिशीही गाठण्यापूर्वी, त्यांचा मृत्यू झाला. अन्न बंद भांड्यात तापवले तर ते टिकते, हे फ्रान्सच्या निकोला आपेर यांनी 1810 मध्येच लिहून ठेवले होते. रेम्पेल यांची कल्पकता होती ती भांडे बंद करण्याच्या रीतीत.

ही रीत समजून घेण्याजोगी आहे. बरणी तापू लागली की आतील हवा प्रसरण पावते, अन्नातील पाण्याची वाफ होते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढतो. तेव्हा हवा आणि वाफ झाकण किंचित उचलून रबराच्या फटीतून बाहेर पडतात. मात्र झाकणावरच्या वजनामुळे, किंवा पुढे आलेल्या स्प्रिंगच्या चिमट्यामुळे, बाहेरचे पाणी वा हवा आत शिरत नाही, म्हणजे ही जोडणी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेचे काम करते. उकळी संपेपर्यंत अन्नाच्या वरच्या मोकळ्या जागेत बहुतांश वाफच उरते. बरणी निवली की या वाफेचे पाणी होते आणि तिचे आकारमान सोळाशेपटींनी घटते. 20 अंश सेल्सियसला पाण्याचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दोन टक्के असतो. आत अशी पोकळी निर्माण झाल्यावर बाहेरची हवाच झाकण दाबून धरते. झाकणाचा व्यास 10 सेंटीमीटर असेल आणि पोकळी परिपूर्ण असेल, तर हा भार सुमारे 80 किलो भरेल. प्रत्यक्षात थोडी हवा आत उरतेच, तरीही चिमटा काढल्यावर झाकण हाताने उचलता येत नाही. ते उघडायचे तर रबराचे टोक ओढून हवा आत जाऊ द्यावी लागते. पुढे कधी अन्न नासले आणि वायू तयार झाला, तर पोकळी नाहीशी होते आणि झाकण आपोआप सैल पडते.

इतकी सोयीची वस्तू बाजारात मात्र चालेना. आल्बर्ट ह्यूसेनर नावाच्या कारखानदाराने ती विकण्यासाठी कंपनी काढली, पण तिचा जम बसला नाही. 1895 मध्ये योहान वेक यांनी पेटंटचे हक्क विकत घेतले. वेक कट्टर शाकाहारी आणि दारूचे विरोधक होते. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ, फळबागांच्या बाडेन प्रदेशात ते ओफ्लिंगेन या गावी जाऊन राहिले, कारण तिथली फळे दारू गाळण्याऐवजी बरणीत टिकवली जावीत अशी त्यांची इच्छा होती. एवढी निष्ठा असली तरी एकट्याच्या बळावर देशभर विक्री उभी करणे हे निराळेच काम असते.

ते काम गेओर्ग फान आइक यांनी केले. ऱ्हाइन नदीकाठच्या एमेरिश या गावी त्यांचे चिनी मातीच्या व इतर भांड्यांचे दुकान होते, आणि इतरत्र पडून राहणाऱ्या वेक यांच्या बरण्या त्या दुकानातून मोठ्या संख्येने खपत होत्या. वेक यांनी त्यांना ओफ्लिंगेनला बोलावून घेतले आणि 1 जानेवारी 1900 रोजी ‘जे. वेक आणि कंपनी’ची स्थापना झाली. दोनच वर्षांनी वेक बाहेर पडले आणि संपूर्ण कारभार फान आइक यांच्या हाती आला. बरणी विकायची तर ती वापरायला शिकवावे लागेल, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी गृहविज्ञानाच्या शिक्षिका नेमल्या. या शिक्षिका शाळांत, चर्चच्या आवारांत, रुग्णालयांत जाऊन प्रत्यक्ष बरण्या भरून, उकळून दाखवत. बरण्यांबरोबर रबराच्या रिंगा, तापमापक आणि उकळण्याची मोठी पातेली यांतही ते सुधारणा करत राहिले. स्ट्रॉबेरीच्या चित्रावर ‘वेक’ हे नाव असलेली त्यांची खूण जर्मनीतल्या सुरुवातीच्या ठळक व्यापारचिन्हांपैकी एक ठरली.

या शिकवणीला निव्वळ जाहिरात म्हणणे मला योग्य वाटत नाही. वेक यांनी पेटंट घेतले त्याच 1895 सालच्या डिसेंबरात बेल्जियममधील एलझेल गावात खारवलेले डुकराचे मांस खाऊन काही वादक आजारी पडले आणि त्यांपैकी तिघे दगावले. त्याचा तपास करताना एमिल व्हान एरमेनगेम यांना बोट्युलिझम ही अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा घडवणारा जिवाणू सापडला. हवा नसलेली जागाच या जिवाणूला मानवते, आणि त्याचे बीजाणू 100 अंशाच्या उकळीत टिकून राहतात. त्यांचा खात्रीने नाश करण्यासाठी सुमारे 121 अंश तापमान तीन मिनिटे लागते, जे दाबाखालीच गाठता येते. आंबट फळांत ही भीती नसते, कारण सामू (pH, जो आंबट पदार्थात कमी असतो) 4.6 पेक्षा कमी असेल तर हे बीजाणू वाढत नाहीत. घेवडा किंवा मांस मात्र नुसत्या उकळीवर सोडता येत नाही, आणि अशी बिघडलेली बरणी दर वेळी वायूने झाकण सैल करून इशारा देईलच असेही नाही. थोडक्यात, कोणता पदार्थ किती तापमानावर किती वेळ ठेवायचा, हे ज्ञान बरणीइतकेच आवश्यक होते. (आपल्या लोणच्याचे तत्त्व निराळे आहे. तिथे मीठ आणि आंबटपणा जिवाणूंना रोखतात, त्यामुळे झाकणाखाली पोकळी नसली तरी चालते.)

काचेचे गुणधर्मही त्या शिकवणीत येत. काच उष्णता मंद गतीने वाहून नेते, त्यामुळे थंड बरणी एकदम उकळत्या पाण्यात ठेवली तर बाहेरचा थर प्रसरण पावतो, आतला पावत नाही, आणि त्या ताणाने बरणी तडकते. म्हणून बरणी आणि पाणी एकत्रच तापवायचे असतात. कडा घासून सपाट करण्याचे कारणही असेच साधे आहे. काचेवर उरलेल्या सूक्ष्म खाचा लवचिक रबर दाबाखाली भरून काढते, मात्र खळगा मोठा असेल तर ते जमत नाही.

पहिल्या महायुद्धापूर्वीच फान आइक यांनी युरोपातील इतर देशांतही व्यवसाय नेला. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीतील काचकारखाने कंपनीच्या हातातून गेले आणि 1950 मध्ये बॉनजवळ नवा काचकारखाना उभा राहिला. कुटुंबाच्या मालकीची ही कंपनी 2023 च्या जूनमध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. ऊर्जेचे वाढलेले दर हे त्याचे एक मोठे कारण होते. काचेची भट्टी सुमारे 1500 अंशांवर अहोरात्र चालू ठेवावी लागते, कारण ती थंड झाली तर आतली काच घट्ट होते आणि भट्टीच निकामी होण्याचा धोका असतो, म्हणून इंधनाचा वायू महागला तरी ती बंद ठेवून चालत नाही. पुढे एका गुंतवणूक कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला, आणि स्ट्रॉबेरीची खूण असलेल्या बरण्या बाजारात येतच राहिल्या.