'अंडर द ब्रिज'ची पार्श्वभूमी: नशा सुटल्यानंतरचं एकटेपण

रेड हॉट चिली पेपर्स या अमेरिकन रॉक बँडचं 'अंडर द ब्रिज' हे हेरॉइनच्या व्यसनावरचं गाणं आहे, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. गायक आणि गीतकार अँथनी कीडिसनं त्याचे शब्द लिहिले तेव्हा त्याची नशा सुटून जवळपास तीन वर्षं होत आली होती. गाणं सुचलं ते शुद्धीवर आल्यानंतर, आपल्याच बँडमध्ये आपण परके झालोय असं वाटायला लागल्यावर.

कीडिस मूळचा मिशिगनचा. शाळकरी वयातच तो लॉस एंजेलिसला वडिलांकडे राहायला आला. वडील हॉलिवूडच्या वर्तुळात अमली पदार्थ विकायचे, त्यामुळे पोराला नशेची ओळख घरातच झाली. पुढे फेअरफॅक्स हायस्कूलमध्ये त्याला फ्ली (पुढे बँडचा बासवादक) आणि हिलेल स्लोव्हाक हे मित्र भेटले आणि १९८३च्या सुमाराला या दोस्तांचा बँड उभा राहिला. फंकचा ताल, पंकची आरडाओरड आणि मंचावर अंगावर जेमतेम कपडे अशी त्यांची ख्याती. कीडिस आणि गिटारवादक हिलेल दोघंही हेरॉइनच्या पुरते आहारी गेलेले. जून १९८८मध्ये अतिसेवनानं हिलेल गेला, अवघ्या २६व्या वर्षी. कीडिस मेक्सिकोला पळून गेला. मित्राच्या अंत्यविधीलाही तो हजर नव्हता. ड्रमर जॅक आयर्न्सनं बँड सोडला. परत आल्यावर मात्र कीडिस व्यसनमुक्ती केंद्रात गेला आणि १ ऑगस्ट १९८८पासून त्यानं नशा सोडली.

हिलेलच्या जागी आला जॉन फ्रुशांते. वय १८. हा पोरगा बँडचा कट्टर चाहता होता, हिलेलची गिटार त्याला पाठ होती. कीडिसची आणि त्याची गट्टी जमली ती सख्ख्या भावांसारखी. सुरुवातीला फ्रुशांते बहुतेक वेळ कीडिसबरोबरच असायचा. पण १९९१च्या अल्बमची तयारी सुरू असताना हे चित्र बदललं. फ्ली आणि फ्रुशांते एकत्र गांजा ओढायचे, त्यांची लय आपसात जुळायची आणि नशेपासून लांब राहणारा कीडिस त्यात बसत नव्हता. एके दिवशी तालमीला पोचला तर दोघं तारेत होते. आपण खोलीत आलोय याची फ्रुशांतेला पर्वाच नाही, उलट त्याच्या नजरेत तुच्छता आहे, असं कीडिसला वाटलं. हे त्यानं पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

त्या दिवशी घरी परतताना, फ्रीवेवर गाडी चालवत असताना, त्याला सगळं एकदम आठवायला लागलं. हिलेल गेला होता. आयोनी स्काय ही त्याच्यावर जीव टाकणारी मैत्रीण त्यानं नशेपायी गमावली होती. आणि ज्याला धाकटा भाऊ मानलं तोही आता दुरावत होता. आपल्याजवळ उरलंय कोण? तर हे शहर. त्याच्या टेकड्या, त्याचे रस्ते. गाडीतच तो ओळी जुळवून गुणगुणायला लागला आणि घरी आल्यावर वहीत उतरवून काढल्या.

शेवटच्या कडव्यातला पूल खरा आहे. लॉस एंजेलिसमधल्या एका पुलाखाली, टोळीच्या ताब्यातल्या जागेत, तो हेरॉइन घ्यायला जायचा. बाहेरच्याला तिथे शिरकाव नव्हता. टोळीतल्या एकाच्या बहिणीशी आपलं लग्न ठरलंय, अशी थाप मारून तो आत गेला होता. तो पूल नेमका कुठला, हे त्यानं सांगितलेलं नाही. चाहते आणि पत्रकार मात्र अजून नकाशे घेऊन शोधतायत. मला स्वतःला हा उद्योग निरर्थक वाटतो, कारण गाण्यात पूल येतो तो 'पुन्हा तिथे जायचं नाही' या हट्टापोटी.

कीडिसच्या मते ही कविता होती, गाणं नव्हे. चिली पेपर्सच्या धांगडधिंग्यात ती बसणारही नव्हती. निर्माता रिक रुबिन एकदा त्याच्या घरी वही चाळत बसला असताना ती त्याच्या नजरेस पडली आणि ही इतरांना ऐकवच, असं त्यानं बजावलं. कीडिस कचरला. शेवटी तालमीच्या वेळी आवाज थरथरत असताना त्यानं ती म्हणून दाखवली. ऐकून झाल्यावर कुणी काही बोललं नाही. फ्रुशांते आणि ड्रमर चॅड स्मिथ उठून आपापल्या वाद्यांकडे गेले आणि ताल-कॉर्ड शोधायला लागले.

ज्याच्यामुळे हे शब्द निघाले त्यानंच त्यांना सूर दिले, ही या गाण्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट. शब्द इतके उदास आहेत तर कॉर्ड जरा प्रसन्न असाव्यात, असा फ्रुशांतेचा विचार होता. म्हणून सुरुवातीची एकट्या गिटारची सुरावट डी आणि एफ शार्प या दोन मेजर, म्हणजे प्रसन्न वाटणाऱ्या, कॉर्डमध्ये झुलते आणि मग कडवं ई मेजरमध्ये शिरतं. त्या वाजवण्यावर जिमी हेंड्रिक्सच्या संथ गाण्यांची छाप स्पष्ट आहे. पहिल्या कडव्याला गिटार आणि आवाज एवढंच, बाकीचे मागाहून येतात. शेवटी सूर उदास वाटणाऱ्या मायनरकडे वळतो आणि पूल येतो. तिथे मागे जो समूहस्वर भरून येतो, तो फ्रुशांतेची आई आणि तिच्या मैत्रिणींचा.

लॉरेल कॅनियनमधल्या एका जुन्या बंगल्यात ध्वनिमुद्रण झालं. स्मिथ सोडून बाकीचे तिथेच राहिले. बंगल्यात भूत आहे असं वाटून स्मिथ रोज मोटारसायकलवरून घरी जायचा. 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक' हा अल्बम २४ सप्टेंबर १९९१ला आला, निर्वाना या बँडचा 'नेव्हरमाइंड' आला त्याच दिवशी.

अल्बममधलं कोणतं गाणं सिंगल म्हणून वेगळं काढायचं हे ठरवायला वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीची माणसं एका कार्यक्रमाला आली होती. फ्रुशांतेनं 'अंडर द ब्रिज' सुरू केलं, कीडिसची गायला सुरुवात करायची जागा चुकली आणि अख्ख्या प्रेक्षकांनी ते गायला घेतलं. कंपनीच्या लोकांसमोर फजिती झाली म्हणून कीडिस नंतर माफी मागायला गेला, तर पुढचं सिंगल हेच, असं त्यांनी सांगून टाकलं. मार्च १९९२मध्ये ते निघालं आणि अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. ऑल सेंट्स या ब्रिटिश गटानं १९९८मध्ये ते पुन्हा गायलं आणि इंग्लंडात पहिला क्रमांकही मिळवला, पण शेवटचं पुलाचं कडवं गाळून. म्हणजे उरली ती एका शहराची गोड आठवण.

हे यश फ्रुशांतेला पेललं नाही. फेब्रुवारी १९९२मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाच्या थेट प्रक्षेपणात त्यानं हेच गाणं इतकं वेडंवाकडं वाजवलं की आपण कुठून सुरू करायचं हे कीडिसला कळेना. यानं मुद्दाम घात केला, असं त्याला वाटलं. मे महिन्यात जपानच्या दौऱ्यावर असतानाच फ्रुशांते बँड सोडून निघाला. पुढची काही वर्षं तो हेरॉइनमध्ये बुडालेला होता.

कीडिसचंही सरळ चाललं नाही. १९९४मध्ये दाताच्या उपचारात घ्याव्या लागलेल्या औषधांमुळे साडेपाच वर्षांचा संयम सुटला आणि मग तो अधूनमधून घसरत राहिला. १९९८च्या सुरुवातीला फ्रुशांते व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडला. काही महिन्यांनी फ्ली त्याच्या घरी गेला आणि बँडमध्ये परत ये म्हणाला. १९९९चा 'कॅलिफोर्निकेशन' या मंडळींनी एकत्र केला. तेव्हा शुद्धीवर होता तो फ्रुशांते. कीडिसची नशा सुटायला डिसेंबर २००० उजाडावा लागला.