फोटोंच्या कामासाठी नवा कॉम्प्युटर घेताय? आधी बॅकअपचं बोलू

लग्नसराईच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात येणाऱ्या बहुतेक फोटोग्राफरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लाइटरूम-फोटोशॉप मस्त चाललं पाहिजे, केवढ्यात बसेल?" त्यावर आम्ही उलट विचारतो, की आतापर्यंतचे फोटो कुठे आहेत आणि किती ठिकाणी आहेत? काहींना हा प्रश्न आवडत नाही. कॉम्प्युटर घ्यायला आलो आणि हे चौकशी कशाला करतात, असं वाटतं. गर्दीच्या वेळी प्रत्येकाला बसवून समजावणं जमत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे. घरी निवांत वाचा, मग या.

हलवलेले फोटो म्हणजे बॅकअप नव्हे

वर्षभर वेगवेगळ्या तोंडून आम्ही एकच गोष्ट ऐकतो. "भाऊ, हार्ड डिस्क दिसून नाही राहिली. सगळा बॅकअप त्यातच होता." आम्ही विचारतो, मग ओरिजिनल फोटो? "ते तर कॉम्प्युटरवरून उडवले ना, जागाच नव्हती."

इथेच सगळं बिनसतं. कॉम्प्युटर भरला, म्हणून पोर्टेबल डिस्क आणली, जुनी लग्नं कट करून त्यात पेस्ट केली आणि मनात नोंद झाली की बॅकअप झाला. प्रत्यक्षात फोटो आधीही एकाच ठिकाणी होते आणि नंतरही एकाच ठिकाणी राहिले. फरक एवढाच, की आधी ते टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये होते आणि आता बॅगेत फिरणाऱ्या, टेबलावरून पडू शकणाऱ्या डिस्कमध्ये आहेत. म्हणजे धोका वाढला. एखादी डिस्क हातात घेऊन स्वतःला विचारा: ही आत्ता गेली तर हेच फोटो दुसरीकडे कुठे आहेत? उत्तर पटकन आलं नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही.

"रिकव्हरी होते ना" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. होते, पण पूर्वीसारखी नाही. जुन्या हार्ड डिस्कमधून चुकून डिलीट झालेले फोटो बरेचदा परत मिळायचे, कारण त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मूळ डेटा जागेवरच असायचा. एसएसडीचं, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या नव्या डिस्कचं, तसं नाही. फाइल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला ट्रिम नावाची आज्ञा देतं आणि ती जागा आतून रिकामी होऊ लागते. त्यानंतर कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, हाती काही लागत नाही. नवे कॉम्प्युटर सगळे एसएसडीवर चालतात, त्यामुळे ही सवय बदलावीच लागेल.

पडलेल्या, टकटक आवाज करणाऱ्या हार्ड डिस्कची गोष्ट आणखी वेगळी. अशी डिस्क आम्ही दुकानात उघडत नाही आणि उघडून देतो म्हणणाऱ्याकडे तुम्हीही देऊ नका. तिचं हेड (डेटा वाचणारी टोकाची सुई) प्लॅटरपासून, म्हणजे आतल्या फिरत्या तबकडीपासून, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर फिरतं, धुळीचा एक कण पुरतो. हे काम धूळमुक्त खोली असलेल्या लॅबमध्येच होतं. त्याला आठवडे लागतात, खर्च बऱ्याचदा नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतो आणि हमी कोणी देत नाही. वॉरंटीचंही नीट समजून घ्या. कंपनी डिस्क बदलून देते, फोटो परत देत नाही, आणि बदलून घेताना जुनी डिस्क तिच्या ताब्यात द्यावी लागते.

मेमरी कार्डाबाबत मात्र आशा ठेवायला जागा आहे. चुकून फॉरमॅट मारलं असेल, तर ते कार्ड लगेच काढून ठेवा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. बऱ्याचदा फोटो निघतात. पण काढलेले फोटो त्याच कार्डावर परत सेव्ह करू नका.

बॅकअप वाटणाऱ्या आणखी काही गोष्टी

लाइटरूम क्लासिक बंद करताना बॅकअप घेऊ का असं विचारतं आणि लोक निर्धास्त होऊन हो म्हणतात. तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो. कॅटलॉगमध्ये तुम्ही केलेलं करेक्शन, रेटिंग आणि कोणता फोटो कुठे ठेवलाय याचा पत्ता असतो, फोटो नसतो. उलटंही घडतं. ग्राहक सगळे रॉ (कॅमेऱ्यातून आलेले मूळ, कच्चे) फोटो जपून दुसऱ्या डिस्कवर घेतो, "सी ड्राइव्हमध्ये काही नाही, फॉरमॅट मारा" म्हणतो आणि कॅटलॉग मात्र सी ड्राइव्हच्या पिक्चर्स फोल्डरमध्येच राहिलेला असतो. फोटो वाचतात, महिन्याभराचं करेक्शन जातं. म्हणून फॉरमॅटआधी आम्ही कॅटलॉग शोधतोच, तुम्ही नको म्हणालात तरी.

गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून नवे फोटो मोफतच्या १५ जीबीत मोजले जातात आणि ती जागा जीमेल व ड्राइव्हसोबत वाटून घ्यावी लागते. स्टोरेज सेव्हर चालू असेल, तर १६ मेगापिक्सेलहून मोठा फोटो लहान करून ठेवला जातो. अल्बम छापायला तो तुमचा मूळ फोटो नव्हे. शिवाय फोन आणि क्लाउड जोडलेले असले, की एकीकडून उडवलेलं दुसरीकडूनही उडतं. कामाचा मूळ डेटा त्याच्या भरवशावर ठेवू नका.

एकाच डब्यात दोन डिस्क आरशासारख्या चालवण्याची रेड पद्धत काही स्टुडिओवाले मागतात. आम्ही ती बसवून देतो, पण कशासाठी हे सांगून. एक डिस्क खराब झाली तर काम थांबत नाही, एवढाच तिचा उपयोग. तुम्ही फोल्डर चुकून उडवलं, तर ते त्याच क्षणी दोन्हींतून जातं.

तीन प्रती, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी

पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला नियम जगभर वापरतात, आम्हीही तोच पाळतो: फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक प्रत वेगळ्या जागी. ही वेगळी जागा सगळ्यांना अति वाटते. नागपूरकरांनी २३ सप्टेंबर २०२३ आठवावा. त्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउटपासून बर्डीपर्यंत तळमजल्यांत शिरलं. ज्यांचा कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर होती, त्यांची दोन्ही एकदमच पाण्यात गेली. स्टुडिओ धरमपेठेत आणि घर मानेवाड्याला असेल, तर एक डिस्क घरी राहू द्या. स्टुडिओ घरातच असेल, तर बहिणीकडे, सासरी, कुठेही विश्वासाच्या घरी. महिन्यातून एकदा अदलाबदल केली तरी पुष्कळ झालं.

आम्ही साधारण हा संच सुचवतो. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू कामासाठी १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी. आत झालेल्या कामासाठी ४ टीबीची मोठी हार्ड डिस्क. आणि बाहेर आलटून पालटून वापरायच्या दोन डिस्क. हिशेब सोपा आहे. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची. दोन कॅमेऱ्यांवर हळदीपासून रिसेप्शनपर्यंत चार हजार फोटो झाले, तर एका लग्नाचे शंभर-सव्वाशे जीबी, व्हिडिओ वेगळा. अशी तीस लग्नं म्हणजे ४ टीबी भरतच आली. ताडोबा-पेंचला जाणारे तर बर्स्टमध्ये शूट करतात, एका सफारीत दोन-तीन हजार फ्रेम सहज होतात. तुमचं काम यापेक्षा कमी असेल तर लहान डिस्क घ्या, पण दोन घ्या. चार टीबीची एकच घेण्यापेक्षा दोन टीबीच्या दोन केव्हाही बऱ्या.

४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसते, यावरून दर महिन्याला वाद होतो. डिस्क कमी दिलेली नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

खिशात मावणाऱ्या छोट्या पोर्टेबल डिस्क बहुतेक एसएमआर तंत्राच्या असतात, म्हणजे डेटाचे पट्टे एकावर एक थोडे चढवून लिहितात. सुरुवातीला त्या झपाट्याने चालतात, आणि दोनशे-तीनशे जीबी एकदम टाकले की मध्येच मंदावतात. ती खराब नसते, पण रोजच्या मोठ्या कॉपीसाठी आम्ही सीएमआर, म्हणजे पट्टे एकावर एक न चढवता लिहिणारी, डिस्कच देतो. दर थोडा जास्त पडतो, वेळ वाचतो. आणि एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवायला वापरू नका. वीज न मिळता, त्यातही आपल्याकडच्या उन्हाळ्यात, तिच्यातला डेटा हळूहळू कमजोर होतो. जुनं काम साठवायला हार्ड डिस्कच ठेवा आणि वर्षातून एकदा-दोनदा लावून उघडून पाहा.

आता कॉम्प्युटर

यात फार डोकं खाजवायची गरज नाही. मधल्या श्रेणीचा नवा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम (१६ च्या दोन स्टिक, एक नव्हे), लाइटरूमचं डिनॉइज (फोटोतले दाणे काढणारं टूल) वापरत असाल तर ८ जीबी मेमरीचं ग्राफिक कार्ड. ते वापरत नसाल, तर महागड्या कार्डाचा आग्रह आम्ही धरत नाही. बजेट कमी पडलं तर कार्ड लहान करा, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट सोडा. दुसरी डिस्क मात्र यादीतून खोडू नका. आम्ही कोटेशनमध्ये ती वरच लिहितो, शेवटी नाही.

मॉनिटर आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग न बदलणाऱ्या पडद्याचा) घ्या, एसआरजीबी या ठरलेल्या रंगपट्ट्यातले सगळे रंग दाखवणारा. "स्क्रीनवर मस्त दिसतं, लॅबमधून काळपट येतं" ही तक्रार असेल तर दोष बहुधा ब्राइटनेसचा आहे. नवा मॉनिटर येतो तेव्हा फार उजळ असतो, तुम्ही फोटो त्यावर गडद करता आणि छापील अल्बम अंधारा येतो. मॉनिटरचे रंग आणि उजेड मोजून नीट लावणारं यंत्र, कॅलिब्रेटर, आमच्याकडे आहे. मॉनिटर आमच्याकडून घेतला तर पहिलं कॅलिब्रेशन त्यातच धरलेलं असतं.

कार्ड रीडर मागच्या निळ्या यूएसबी पोर्टला लावा. १२८ जीबीचं भरलेलं कार्ड जुन्या यूएसबी २ वर तासभर घेतं, तेच यूएसबी ३ वर, साध्या कार्डालाही, पाऊण तासाच्या आत उरकतं.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या जुन्या मशीनवर ११ अधिकृतपणे बसेल की नाही, ते आम्ही पाहून सांगतो. इंटेलचा आठव्या पिढीआधीचा प्रोसेसर असेल तर बहुधा नाही. आणि क्रॅक सॉफ्टवेअर आम्ही टाकून देत नाही. बाजूच्या दुकानात टाकून देतात हे आम्हाला माहीत आहे. पण अशा क्रॅकमधूनच फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारे व्हायरस येतात आणि त्या वेळी जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्कही त्यात सापडते. म्हणूनच बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा.

उन्हाळा, कूलर आणि लाईट

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्या दिवसांत कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. थंड वाटतं खरं, पण ती हवा ओलसर असते आणि आपल्या जड पाण्यातले क्षार, धूळ आत जाऊन पंख्यांवर, स्लॉटमध्ये बसतात. एप्रिल-मेमध्ये गंज चढलेले आणि चिकट थर बसलेले मदरबोर्ड आमच्याकडे बरेच येतात. कॅबिनेट झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, आणि होळीच्या आसपास एकदा साफ करून घ्या.

यूपीएस हवाच. साध्या मोडवरच्या इन्व्हर्टरला लाईट गेल्यावर चालू व्हायला जो क्षण लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि त्याच वेळी कॅटलॉग लिहिला जात असेल तर तो बिघडू शकतो. यूपीएसच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशाला धरून सांगतात. तापमान दहा अंश वाढलं की ते सुमारे निम्मं होतं. म्हणून पुस्तिकेत लिहिलेली वर्षं इथे पुरी होत नाहीत. मार्चमध्ये बॅटरी तपासून घ्या, पावसाआधीच्या वादळांत लाईट जातेच.

आमचे नियम, आणि ते का

नवा कॉम्प्युटर त्याच दिवशी मिळत नाही, दोन दिवस लागतात, अशी तक्रार असते. कारण जुना डेटा टाकल्यावर आम्ही फाइलींची संख्या आणि आकार दोन्हीकडे ताडून पाहतो, मग वेगवेगळ्या फोल्डरमधले फोटो उघडून बघतो. "नुसतं कॉपी-पेस्ट तर आहे, त्याचे वेगळे पैसे?" पैसे कॉपीचे नाहीत, या तपासणीचे आहेत. जुनी डिस्क आम्ही फॉरमॅट न करता परत देतो. ती पंधरा दिवस तशीच ठेवा आणि नव्या मशीनवर सगळं सापडल्यावरच वापरात घ्या.

डिस्क ऑनलाइन स्वस्त मिळाली तर जरूर आणा, आम्ही बसवून, तपासून देऊ. बिल मात्र सांभाळा. दर रोज बदलतात, म्हणून या पत्रकात छापलेले नाहीत, फोनवर विचारा. उमरेड, काटोल, कामठी, भंडाऱ्याहून येणाऱ्यांनी निघण्याआधी फोन करावा, म्हणजे खेप वाया जाणार नाही.

येताना सगळ्या जुन्या डिस्क, कार्डं आणि पेन ड्राइव्ह जसे आहेत तसे आणा, जागा करायला म्हणून काही डिलीट करू नका. महिन्याला साधारण किती फोटो होतात ते कागदावर लिहून आणा. डिस्क पडली असेल, भिजली असेल किंवा आवाज करत असेल, तर चालते का हे पाहायला पुन्हा लावू नका, वाळवायला उन्हातही ठेवू नका. पिशवीत घालून तशीच घेऊन या.