वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट

सर्जिओ लिओने यांनी दिग्दर्शित केलेला १९६८ सालचा इटालियन-अमेरिकन सूडपट. इटालियनांनी काढलेल्या वेस्टर्नपटांना ‘स्पगेटी वेस्टर्न’ म्हणतात. त्या घाण्यातून शेकडो चित्रपट निघाले आणि बहुतेकांत सूड हेच इंधन होते. या चित्रपटाचे वेगळेपण असे, की सूड कशाचा हे तो जवळजवळ अखेरपर्यंत सांगत नाही.

कथा लिओने, बर्नार्डो बर्टोलुची आणि दारिओ आर्जेंटो यांची. वाफेच्या इंजिनाला पाणी लागते, म्हणून मॅकबेनच्या ओसाड जमिनीतल्या विहिरीला सोन्याचे मोल येणार असते. रेल्वेमालक मॉर्टनचा गुंड फ्रँक (हेन्री फोंडा) ते कुटुंब मुलांसकट संपवतो. मॅकबेनची नवी बायको जिल (क्लॉडिया कार्डिनाले) गाडीने पोहोचते तेव्हा अंगणात प्रेते मांडलेली असतात. फ्रँकच्या मागावर एक अनाम माणूस आहे (चार्ल्स ब्रॉन्सन). तो बोलण्याऐवजी माउथ ऑर्गन वाजवतो. ‘तू कोण?’ असे फ्रँकने विचारले, की तो फ्रँकने मारलेल्या माणसांची नावे सांगतो.

उत्तर मिळते ते अखेरच्या द्वंद्वात, त्या अनाम माणसाच्या लहानपणीच्या आठवणीतून. कमानीला फास टांगलेला, फास मोठ्या भावाच्या गळ्यात आणि तो भाऊ धाकट्याच्या खांद्यावर उभा. तरुण फ्रँक धाकट्याच्या तोंडात माउथ ऑर्गन कोंबतो. पोराचे गुडघे टेकले, की भाऊ मेला. चित्रपटभर ऐकू आलेला तो कण्हल्यासारखा सूर त्या पोराच्या श्वासाचा होता, हे इथे कळते.

एन्नियो मोरिकोने यांनी मुख्य संगीत चित्रीकरणाआधीच रचले होते आणि ते सेटवर वाजवले जाई. हे जमले, कारण इटलीत संवाद नंतर डब करण्याचीच रीत होती. सेटवर ध्वनिमुद्रण होत असते तर रेकॉर्ड लावताच आली नसती. फायदा जिलच्या आगमनात दिसतो. ती स्टेशनच्या खोलीत शिरते, कॅमेरा खिडकीतून तिला पाहतो, मग क्रेनवर छपरापलीकडे चढतो आणि नेमका सूर उंचावताना पलीकडचे गाव उघडते. सुरुवातीच्या स्टेशनवर मात्र संगीतच नाही: पवनचक्कीची करकर, वुडी स्ट्रोडच्या टोपीवर पडणारे थेंब, जॅक एलमने पिस्तुलाच्या नळीत कोंडलेली माशी. तीन मारेकरी गाडीची वाट पाहतात, एवढेच घडते.

छायालेखक तोनिनो देल्ली कोल्ली यांनी टेक्निस्कोप ही रुंद पडद्याची चित्रीकरण पद्धत वापरली. यात ३५ मिमी फिल्मवरची एक चौकट फिल्मच्या कडेच्या चारऐवजी दोन छिद्रांएवढी उंच असते. त्यामुळे १,००० फुटांचे रीळ सुमारे ११ ऐवजी २२ मिनिटे चालते. साधी भिंगे चालत असल्याने चेहऱ्याच्या अगदी जवळ जाता येते. तोटा असा, की निगेटिव्ह लहान म्हणून पडद्यावर कण जास्त दिसतात. फोंडा तपकिरी लेन्स आणि मिशा लावून आले होते. लिओनेंनी दोन्ही काढायला लावले. पोरावर पिस्तूल रोखणाऱ्याचे डोळे निळेच हवे होते.

अमेरिकेत मूळ लांबी १४५ मिनिटांवर आणली गेली. व्यापारी ठाण्यातला सबंध प्रसंग उडाला, म्हणजे शायेन या दरोडेखोराची (जेसन रोबार्ड्स) ओळखच गेली. तिथे चित्रपट पडला. पॅरिसमध्ये मात्र खूप चालला.

प्रभाव सर्वांत ठळक दिसतो तो ‘शोले’त (१९७५). ठाकूरच्या कुटुंबाचे हत्याकांड मॅकबेन प्रसंगावर बेतलेले आहे: भरले अंगण, अचानक गोळ्या, उरलेल्या पोरासमोर उभा गब्बर, आणि गोळी लागलेली न दाखवता थेट आगगाडीवर कट. माउथ ऑर्गनही आला, पण अर्थ बदलून. जय तो राधा दिवे मालवत असताना वाजवतो. सूडाचे वाद्य अबोल प्रेमाचे झाले. क्वेंटिन टॅरेंटिनो यांनी ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’च्या (२००९) पहिल्या प्रकरणाचे नाव या शीर्षकावरूनच बेतले. नकला पुष्कळ झाल्या. सूडाचे कारण शेवटपर्यंत दाबून ठेवण्याचा धीर मात्र क्वचितच कोणी दाखवला. ‘शोले’नेही हत्याकांड मध्यावरच सांगून टाकले.

सूडाच्या पूर्ततेतही फरक पडला. मरणाऱ्या फ्रँकच्या तोंडात तोच माउथ ऑर्गन कोंबला जातो. ठाकूरने खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारावे, अशीच ‘शोले’ची मूळ अखेर होती. सेन्सॉरने ती बदलायला लावली, आणि १९७५ मध्ये चित्रगृहांत पोहोचलेल्या प्रतीत ऐन वेळी पोलीस येतात.