फेराइट नॅनोकणांचे चुंबकीय अनुस्पंदन : पार्श्वभूमी

चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला चुंबकी आघूर्ण (पदार्थाच्या चुंबकत्वाची दिशा व ताकद सांगणारी राशी) त्या क्षेत्राभोवती कललेल्या भोवऱ्याप्रमाणे फिरतो आणि या फिरण्याची कंप्रता क्षेत्राच्या प्रमाणात वाढते. इलेक्ट्रॉनच्या स्पिनसाठी, म्हणजे त्याच्या अंगभूत चुंबकी आघूर्णासाठी, ती दर टेस्लाला सुमारे 28 गिगॅहर्ट्झ असते. नेमक्या त्याच कंप्रतेची सूक्ष्मतरंगे सोडली की पदार्थ त्यांची ऊर्जा शोषतो; हेच चुंबकीय अनुस्पंदन, आणि क्षेत्र बदलत नेले असता शोषणाचा जो उंचवटा दिसतो ती अनुस्पंदनाची रेषा. लोखंड आणि निकेलच्या तारांमधील असे शोषण आर्कादेव यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच नोंदवले होते, आणि 1935 मध्ये लँडाऊ व लिफशिट्झ यांनी आघूर्णाच्या गतीचे समीकरण मांडले. तरीही 1946 मध्ये ग्रिफिथ्स यांनी ऑक्सफर्ड येथे धातूंच्या पातळ थरांवर प्रयोग केले, तेव्हा अनुस्पंदन अपेक्षेपेक्षा बरेच कमी क्षेत्रात मिळाले. याचा उलगडा किटेल यांनी पुढच्या दोन वर्षांत केला. नमुन्याच्या पृष्ठभागामुळे निर्माण होणारे, चुंबकनाला विरोध करणारे विचुंबकन क्षेत्र आकारानुसार बदलते आणि त्यामुळे अनुस्पंदनाची जागा सरकते. गोलाकार नमुन्यात मात्र हा परिणाम सर्व दिशांना सारखा असल्याने सरकणे उरत नाही. पुढे बहुतांशी गोल असलेल्या नॅनोकणांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा ही गोष्ट फार उपयोगी पडली, कारण रेषा सरकली तर तिचे कारण कणाच्या आकारापलीकडे शोधावे लागते, हे त्यातून आधीच ठरलेले होते.

धातूंमध्ये सूक्ष्मतरंगे वरच्या पापुद्र्यापलीकडे शिरत नाहीत. फेराइट, म्हणजे लोहयुक्त चुंबकी ऑक्साइडे, विद्युतरोधक असल्याने ही अडचण तेथे येत नाही. जपानमध्ये कातो आणि ताकेई यांनी 1930 च्या सुमारास या ऑक्साइडांवर काम सुरू केले, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी ते पुढे नेले, आणि 1948 मध्ये नील यांनी फेराइटमधील दोन उपजालकांचे (स्फटिकातील अणूंच्या एकमेकांत गुंतलेल्या दोन रचनांचे) आघूर्ण एकमेकांविरुद्ध असूनही असमान असतात हे दाखवून त्यांच्या चुंबकत्वाचा पाया स्पष्ट केला.

नील यांचा दुसरा विचार या विषयाच्या अधिक जवळचा आहे. कण पुरेसा लहान असेल तर त्याचा संपूर्ण आघूर्ण एकाच दिशेत राहतो, पण उष्णतेच्या धक्क्यांनी तो उलटूही शकतो, हे त्यांनी 1949 मध्ये मांडले. बीन व लिव्हिंग्स्टन यांच्या 1959 च्या विवेचनात हे वर्तन ‘सुपरपॅरामॅग्नेटिझम’ या नावाने आले आणि 1963 मध्ये ब्राउन यांनी त्याला संख्याशास्त्रीय समीकरणाचे रूप दिले. अनुस्पंदनाच्या दृष्टीने याचा परिणाम प्रथमदर्शनी उलटा वाटतो. तापमान वाढले की रेषा रुंदावेल अशी अपेक्षा असते, परंतु नॅनोकणांच्या बाबतीत ती अरुंद होते, कारण आघूर्ण इतक्या वेगाने दिशा बदलतो की कणाच्या अंतर्गत विषमदिक्तेचा (आघूर्णाने ठरावीक दिशा पसंत करण्याच्या गुणाचा) प्रभाव सरासरीत पुसट होतो. थंड केल्यावर हीच रेषा रुंद होते आणि कमी क्षेत्राकडे सरकते. रेषेच्या या बदलातून कणाची विषमदिक्ता मोजता येते हे दे बियासी आणि देवेझास यांनी 1978 मध्ये दाखवले; पुढे रायखेर व स्तेपानोव यांनी त्याचा सविस्तर सिद्धान्त विकसित केला.

मग प्रश्न उरला तो पृष्ठभागाचा, आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. कणाचा बाहेरचा अर्धा नॅनोमीटर वेगळा मानला, तर 10 नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यात त्या थराचे घनफळ सुमारे 27 टक्के भरते, तर 5 नॅनोमीटरच्या गोळ्यात जवळजवळ निम्मे. मॅगहेमाइट या लोखंडाच्या ऑक्साइडाच्या बारीक कणांमध्ये पृष्ठभागाजवळचे स्पिन तिरके असतात असे कोए यांनी 1971 मध्येच सुचवले होते. 1998 मध्ये गाझो आणि सहकाऱ्यांनी द्रवात विखुरलेले, सुमारे 5 ते 10 नॅनोमीटरचे मॅगहेमाइटचे कण घेतले, चुंबकीय क्षेत्र लावून तो द्रव गोठवला आणि सुमारे 9 गिगॅहर्ट्झवर रेषेची जागा कोनानुसार मोजली. मॅगहेमाइटचे स्फटिक घनाकृती असल्याने विषमदिक्ताही घनाकृती असावी असे वाटले असते. प्रत्यक्षात ती एकाच अक्षाची निघाली आणि कणाच्या आकारमानाशी असलेल्या तिच्या संबंधातून तिचे मूळ पृष्ठभागात असल्याचे दिसले. याखेरीज अगदी कमी तापमानाला रेषा कमी क्षेत्राकडे अशी सरकली की त्या सरकण्यावर क्षेत्राच्या दिशेचा परिणामच दिसला नाही. हे सरकणे त्यांनी पृष्ठभागावरील स्पिनांच्या गोठण्याशी जोडले.